पॅरिस: एका मुलीच्या नावामागे दिवसभर

पॅरिसमधली दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची स्मारकं बघायची असतील, तर निघण्याआधी फ्रेंच कादंबरीकार पात्रिक मोदियानो यांचं ‘दोरा ब्रुदेर’ वाचून घ्या. पुस्तक छोटं आहे, इंग्रजी अनुवादही मिळतो. ‘पारी-स्वार’ या वर्तमानपत्राच्या ३१ डिसेंबर १९४१ च्या अंकातली एक ‘हरवली आहे’ जाहिरात मोदियानोंच्या नजरेला पडली. पंधरा वर्षांची मुलगी, उंची एक मीटर पंचावन्न, पायात तपकिरी बूट. खाली आईवडिलांचा पत्ता: ४१, बुल्व्हार ऑर्नानो. ती कोण, कुठे गेली, याचा माग काढत त्यांनी १९९७ मध्ये हे पुस्तक छापलं.

मेट्रोच्या ४ नंबरच्या लाइनवर सँप्लाँ स्टेशनला उतरलं की ही इमारत जवळच आहे. मुद्दाम बघावं असं तिथे काही नाही, तरी माझा पाय निघेना. याच भागातल्या एका पायवाटेला पालिकेने २०१५ मध्ये दोराचं नाव दिलं. आधी पुस्तक, मग पाटी!

तिथून त्याच लाइनने गाडी न बदलता सिते स्टेशन गाठा. नोत्र-दाम कॅथेड्रलच्या मागे, सीन नदीतल्या बेटाच्या टोकाला, १९६२ चं देपोर्तासिओं स्मारक आहे, म्हणजे फ्रान्समधून नाझी छावण्यांत धाडलेल्यांचं. वरून जवळजवळ काहीच दिसत नाही. अरुंद जिन्याने खाली उतरलं की शहर गायब होतं. उरतं आभाळ आणि लोखंडी गजांपलीकडचं सीनचं पाणी. आत लांबट बोळात छळछावण्यांत मेलेल्यांसाठी काचेचे दोन लाख प्रकाशठिपके, आणि भिंतींवर एल्युआर, आरागाँ, देस्नोस या फ्रेंच कवींच्या ओळी. देस्नोस स्वतः १९४५ मध्ये तेरेझीनच्या छावणीत वारले. कविता आहेत, पण मेलेल्यांची नावं नाहीत. कोणाला कशासाठी नेलं, हेही इथे सरसकटच.

नावांसाठी पूल ओलांडून मारे भागात, शोआ (ज्यूंचं हत्याकांड) स्मारकात जायचं. पायी दहा-पंधरा मिनिटं. आवारात २००५ पासून दगडी भिंतींवर फ्रान्समधून नेलेल्या सुमारे ७६ हजार ज्यूंची नावं कोरलेली आहेत, वर्षवार आणि वर्णानुक्रमे. १९४२ मध्ये ‘ब’ शोधा. दोरा आणि तिचे वडील एकाच गाडीने छळछावणीकडे नेले गेले, १८ सप्टेंबरला. पकडणारे बरेचदा फ्रेंच पोलिसच होते. राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे शिराक यांनी, ते उघडपणे मान्य केलं १९९५ मध्ये. मला १९६२ च्या स्मारकातल्या कवितांपेक्षा ही रुक्ष यादी जास्त लागली.

दोन्हीकडे प्रवेश फुकट. शोआ स्मारक शनिवारी बंद असतं, दारात बॅग तपासतात, त्यामुळे सामान कमी ठेवा. देपोर्तासिओं स्मारक सोमवारी बंद असू शकतं, वेळ आधी बघून घ्या. तिथला जिना गुडघेदुखीवाल्यांना जड जाईल. लहान मुलं असतील तर आतले फोटो आधी तुम्ही बघा, मग ठरवा. परतताना मारेमधल्या शाळांच्या दारांवरच्या काळ्या पाट्या वाचत चला. त्या शाळांत शिकणाऱ्या, छावण्यांत नेलेल्या मुलांच्या आहेत.