सव्वासात की साडेसाती

परत पाठवण्याच्या फॉर्मवर कारण निवडायला दोनच गोल होते : ‘लहान होते’ आणि ‘मोठी होते’. माझी हॅट कपाळाला घट्ट होती आणि कानशिलांपाशी सैल. दोन्ही गोल एकदम भरता येत नव्हते आणि एकही न भरता पुढं सरकता येत नव्हतं. या दोन गोलांच्या मध्ये माझे अडीच महिने गेले. आता हॅट डोक्यावर आहे, झकास बसली आहे. पण तो फॉर्म आठवला की अजूनही डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकतो.

हॅट मला हवी होती जुन्या घाटाची. १९४० च्या आसपास पुरुष घालायचे तशी, फेल्टची. माथा उंच, बाजू जवळजवळ सरळ उभ्या, रिबन रुंद आणि ब्रिम, म्हणजे भोवतीची कड, सहा-साडेसहा सेंटिमीटरची, जी पुढं हाताने खाली वळवता येते. हल्ली फेडोरा म्हणून जे सर्रास मिळतं त्याचा माथा बसका, वर निमुळता, आणि ब्रिम दोन बोटांची. माझा चेहरा लांब. ती घातली की मी बूच लावलेल्या बाटलीसारखा दिसतो. हे मी नाही, बायको म्हणाली, आणि आरशानेही दुजोरा दिला.

पहिली चूक केली ती स्वस्तात उरकण्याची. लोकरीच्या फेल्टची एक घेतली. दुकानात छान दिसली. एका पावसात भिजली आणि वाळल्यावर ब्रिमला अशा लाटा आल्या की इस्त्री, वाफ, वजन, काही चाललं नाही. वर आक्रसली ती वेगळीच. सगळी लोकरीची फेल्ट वाईट असते असं नाही, पण स्वस्तातली असते. त्यानंतर ठरवलं, घ्यायची तर लवीच्या फेल्टची.

फेल्ट म्हणजे नमदा. विणलेलं कापड नव्हे. सशाची, रानसशाची किंवा बीव्हरची मऊ लव गरम पाण्यात, वाफेत आणि दाबाखाली चोळत राहिलं की तिचे केस एकमेकांत असे अडकतात की पुन्हा सुटत नाहीत. सुरुवातीला तयार होतो तो भलामोठा, सैलसर शंकू. तो आटवत आटवत घट्ट करायचा आणि मग लाकडी साच्यावर ओढून माथा घडवायचा. हे सगळं नीट झालेलं असेल तर फेल्ट पातळ असूनही दमदार लागते. ब्रिम चिमटीत धरून वाकवून सोडा : झटकन मूळ जागी आली पाहिजे. पुठ्ठ्यासारखी ताठ वाटली तर आत खळीच जास्त आहे. आणि आतल्या पट्टीवर ५एक्स, १०एक्स असे दर्जाचे शिक्के असतात त्यावर भाळू नका. सगळ्या कंपन्यांना लागू असं एकच प्रमाण त्यामागे नाही. ज्याचा त्याचा हिशेब. एकाच कंपनीच्या दोन हॅट एकमेकींशी ताडून पाहायच्या असतील तरच त्याचा उपयोग.

रंग, घडी, रिबन यांत काही अडलं नाही. गडद तपकिरी, माथ्यावर थेंबाच्या आकाराची घडी, चामड्याची आतली पट्टी. टेप घेऊन डोकं मोजलं, कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या जरा वरून, मागच्या उंचवट्यावरून. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा ५८. तक्त्यात ५८ समोर होतं ७ १/४, म्हणजे सव्वासात. मागवली.

(इथेच सांगतो, नाहीतर विसरेन : हा आकडा अमेरिकन आहे. इंग्रजी मापात हेच डोकं ७ १/८ होतं. म्हणजे जुन्या इंग्लिश हॅटवर सव्वासात लिहिलेलं दिसलं तर ती ५९ ची समजायची. मी या खड्ड्यात पडलो नाही, पण काठापर्यंत जाऊन आलो.)

खोकं आलं. वर्तुळाकार, आत पातळ कागद, त्यात हॅट. हातात घेतली तेव्हा लवीवरून अंगठा फिरवला आणि वाटलं, पैसे वसूल. घातली. दहा मिनिटांनी काढली तर कपाळावर आडवी लाल रेघ, शाळेच्या वहीतल्या समासासारखी ठसठशीत. मागेही टोचत होती. आणि गंमत म्हणजे दोन्ही कानशिलांपाशी एकेक बोट सहज आत जात होतं.

लगेच कंपनीला मेल केला. फोटो जोडले, सगळं सविस्तर लिहिलं : पुढं-मागं घट्ट, बाजूंना सैल, काय करू? उत्तर दुसऱ्या दिवशी हजर. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपलं माप ५८ म्हणजे सव्वासात असून आपण सव्वासातच मागवली आहे. बदलून हवी असल्यास कृपया फॉर्म भरावा.’

फॉर्म म्हणजे ते दोन गोल. खाली ‘अधिक माहिती’ची चौकट नव्हती. दुखतंय ते आधी मिटवू म्हणून ‘लहान होते’ भरलं. मग अटी. हॅट वापरलेली नसावी, आतल्या पट्टीवरचं पारदर्शक स्टिकर निघालेलं नसावं, घामाचा किंवा तेलाचा डाग नसावा, खोकं मूळचंच हवं. डाग नाही हे दाखवायला पट्टीचा चारी बाजूंनी फोटो. माझ्या डोक्यावर तेल असतं की नाही याची इतकी चौकशी मी लहान असताना आईनेही केली नव्हती.

अडीच आठवड्यांनी ५९ ची आली. लाल रेघ गेली, खरं. पण आता कानशिलांपाशी दोन-दोन बोटं जात होती. रस्त्यावर पहिल्याच झुळकीला उडाली. मी मागं धावलो, ती ब्रिमवर उभी राहून चाकासारखी पुढं पळाली, आणि बसथांब्यावरच्या एका शाळकरी मुलाने पायाने अडवली. आता ही परत कशी करायची? वापरलेली नसावी ही अट. घरी येऊन कपड्याच्या ब्रशने तासभर धूळ झटकली, स्टिकर जागच्या जागी होतं, देवाचे आभार. फॉर्म उघडला. ‘मोठी होते’.

पुढं काय झालं हे कुणालाही कळेल, फक्त त्यांना कळलं नाही. त्यांनी ५८ ची पाठवली. आणि ती तीच होती! पहिल्या वेळी पट्टी उलटवून मापाची चिठ्ठी पाहताना तिचा कोपरा माझ्याकडून दुमडला गेला होता. तो दुमडलेला कोपरा माझ्याकडे बघत होता. माझी हॅट सहलीला जाऊन परत आली होती.

मग मेलवर मेल. दर वेळी नवीन नाव, दर वेळी दिलगिरी, दर वेळी ‘आपलं माप कळवावं’. चॅटवर एक यंत्र होतं, ते दोन वाक्यांनंतर विचारायचं, ‘आपली समस्या सुटली का? हो / नाही.’ ‘नाही’ दाबलं की तोच तक्ता पुन्हा पाठवायचं. शेवटी एका माणसाने, बहुधा माणूसच असावा, तोडगा सुचवला : एक माप आणखी मोठं घ्या, आणि पट्टीच्या मागे फोमच्या पट्ट्या भरा. आणखी मोठं म्हणजे ७ १/२. सव्वासातपासून निघून मी साडेसातला पोचलो होतो. नावातच सगळं आलं.

फोमची पट्टी मुळात वाईट नाही, हेही नोंदवतो. हॅट पाव माप सैल असेल तर चामड्याच्या मागे ती सरकवली की काम होतं, मीही एकदा केलंय. पण आकारच चुकला असेल तर फोम भरून भरून हॅट डोक्यावर तरंगायला लागते. मी तसं कळवलं. उत्तर : ‘साडेसातची उपलब्धता तपासत आहोत.’

बायको म्हणाली, “हॅट पाठवण्यापेक्षा एकदा डोकंच पाठव ना त्यांना.”

ती थट्टा करत होती, पण नेमकं हेच करायचं यंत्र १९ व्या शतकात पॅरिसमध्ये निघालं होतं. कॉन्फॉर्मातर. दिसायला उंच हॅटसारखंच, भोवती सरकणाऱ्या पट्ट्या. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवायचं, पट्ट्या डोक्याला चिकटून आपापल्या जागी सरकायच्या, आणि वरच्या कागदी कार्डावर टाचण्यांनी डोक्याच्या आकाराची छोटी नक्कल टोचली जायची. ते कार्ड हॅटवाला जपून ठेवायचा. म्हणजे त्या काळच्या कारागिराला ठाऊक होतं की डोक्याला परिघासोबत आकारही असतो. हे वाचलं त्या रात्री मी चिडून झोपलोच नाही.

हे वाचण्यात आलं ते एका हॅट दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा शोध घेताना. त्यांना फोन केला आणि माझी रडकथा सुरू केली. त्यांनी मध्येच थांबवलं. “वरून काढलेला डोक्याचा फोटो पाठवा. केस ओले करून, चापून बसवून.” फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. “तुमचं डोकं लांबट आहे. माप बरोबरच आहे हो, आकार चुकलाय.”

इतकंच! अडीच महिन्यांत कुणी न बोललेलं वाक्य. घरी दोन जाड पुस्तकांच्या मध्ये डोकं धरून मोजलं तेव्हा कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत २१ सेंटिमीटर आणि कानावर-कानावर जेमतेम १६. फरक पाचाचा. नेहमीच्या हॅट यापेक्षा गोलसर डोक्यासाठी घडवलेल्या असतात. काही जण ‘लाँग ओव्हल’ म्हणून वेगळा घाट बनवतात, पण तो मागावा लागतो, आणि मागायचा असतो हे आधी माहीत असावं लागतं. तुम्हाला कुठलीही हॅट कपाळाला चावत असेल आणि कानशिलांवर फट राहत असेल तर माप वाढवू नका, आधी हे विचारा. उलटं असेल, म्हणजे बाजूंना आवळते आणि पुढं-मागं फट, तर डोकं गोल आहे. इंजिनियरिंग ड्रॉइंगवाले वापरतात ती वाकेल तशी राहणारी रबरी पट्टी डोक्याभोवती दाबून कागदावर रेघ मारली की घरचं कॉन्फॉर्मातर तयार. पुढची बाजू कुठली ते लिहायला विसरू नका, मी विसरलो आणि पुन्हा करावं लागलं.

तीच ५८ ची, दुमडलेल्या कोपऱ्याची हॅट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी आतली चामड्याची पट्टी पूर्ण बाहेर उलटवली. चामड्याला वाफ लागली तर ते आक्रसतं, म्हणाले. मग किटलीच्या तोंडापाशी हॅट धरून पुढचा आणि मागचा भाग वाफवला, फिरवत फिरवत, एका जागी न थांबता. फेल्ट मऊ पडली, ओल्या ब्लँकेटसारखा वास सुटला. पट्टी आत वळवली आणि त्यात लाकडाचे दोन अर्धगोल बसवले, मध्ये मळसूत्र. मळसूत्र अर्धा फेरा पिळायचं, थांबायचं, माझ्या कागदावर ठेवून पाहायचं, पुन्हा पाव फेरा. लांबी वाढत गेली तशा बाजू आपोआप आत आल्या, कारण परीघ तोच. ब्रिमची पातळी थोडी बिघडली, ती ओलं फडकं घालून इस्त्रीने बसवली. रात्रभर लाकूड आतच ठेवलं. हाताचं काम म्हणाल तर पंधरा-वीस मिनिटांचं.

दुसऱ्या दिवशी घातली. कपाळावर रेघ नाही, बोट जात नाही. डोकं खाली घालून हलवलं, हॅट जागची हलली नाही. मी तिथेच दोन-तीनदा पुन्हा डोकं हलवलं. कारागीर हसले.

त्यांच्याकडे जुन्या हॅटही होत्या, बोर्सालिनो, स्टेटसन वगैरे नावाजलेल्या कंपन्यांच्या. त्या बघताना कळलेलं : जुनी घ्यायची तर आधी आतली पट्टी वाकवून बघा. कडकड वाजली तर चामडं मेलं, ते बदलावं लागेल. मग हॅट उजेडासमोर धरा, कसर लागली असेल तर सुईएवढी छिद्रं चमकतात. आणि फार जुन्या हॅटवर घरी वाफेचे प्रयोग करू नका. लव एकमेकांत नीट अडकावी म्हणून तिला पूर्वी पाऱ्याचं नायट्रेट लावत, त्याने कामगारांचे हात थरथरत. अमेरिकेत ते १९४१ मध्ये बंद झालं, म्हणजे त्याआधीच्या मालात पारा असू शकतो.

हॅट काढताना माथ्याच्या घडीला चिमटीत धरायची नाही, फेल्ट तिथेच चिरते, ब्रिम धरा. ठेवताना उलटी ठेवा, माथ्यावर, म्हणजे ब्रिम सपाट होत नाही. उन्हात उभ्या गाडीत मुळीच नको. भिजली तर पट्टी बाहेर उलटवून तशीच वाळू द्या, हेअर ड्रायर लावू नका.

हे लिहायला बसलो आणि बेल वाजली. खोकं. त्यांनी साडेसातची उपलब्धता तपासली, ती निघाली, आणि मी नको म्हटलं असूनही पाठवून दिली. घालून पाहिली, भुवयांपर्यंत खाली आली. फॉर्म उघडला, तेच दोन गोल. ‘मोठी होते’वर टिचकी मारली. या वेळी निदान खरं तरी बोललो.