फाशी चुकलेला डॉक्टर

वेंटवर्थविल किंवा हॅरिस पार्क या सिडनीच्या उपनगरांतून शहरात नोकरीला जाणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना रेडफर्न हे स्टेशन तोंडपाठ. सेंट्रलच्या एक आधीचं. सिडनी विद्यापीठात शिकणारी मुलं इथे भराभर उतरतात आणि डब्यात बसायला जागा होते, एवढंच त्याचं महत्त्व. हे नाव ज्या डॉक्टरचं आहे, तो इथे बेड्यांत आला होता.

विल्यम रेडफर्न १७९७ च्या जानेवारीत ब्रिटिश आरमाराच्या ‘स्टँडर्ड’ जहाजावर सर्जनचा मदतनीस म्हणून रुजू झाला. विशीतला पोरगा. चार महिन्यांतच थेम्सच्या मुखाशी, नोरला, खलाशांनी बंड पुकारलं. रेडफर्नचा गुन्हा काय, तर ‘आपसात एकी ठेवा’ असं तो त्यांना म्हणाला. तेवढ्यावर फाशी! वय कोवळं म्हणून तिची जन्मठेप झाली. चार वर्षं तुरुंगात काढून १८०१ च्या शेवटी तो कैद्यांच्या जहाजातून सिडनीला पोचला. वाटेत त्याच जहाजावर तो सर्जनच्या हाताखाली काम करत होता, म्हणजे कैदीही तोच आणि डॉक्टरही तोच. पुढच्या साली त्याला नॉरफोक बेटावर पाठवलं, तेही डॉक्टर म्हणूनच. वसाहतीत डॉक्टर हवेच होते. १८०३ मध्ये त्याला पूर्ण माफी मिळाली.

१८०८ मध्ये तो सिडनीला परतला आणि सरकारी सहायक सर्जन व्हायची वेळ आली, तेव्हा कागदपत्रं मागितली गेली. इंग्लंडमध्ये तो रीतसर परीक्षा पास झालेला होता, पण हाताशी पुरावा नाही. मग तीन डॉक्टरांची समिती बसली, तिने त्याची परीक्षा घेतली आणि प्रमाणपत्र दिलं. ऑस्ट्रेलियातली ही पहिली वैद्यकीय परीक्षा मानतात. पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करून इथे आलेले आणि पुन्हा विद्यार्थी होऊन ‘एएमसी’च्या, म्हणजे परदेशी डॉक्टरांना द्याव्या लागणाऱ्या, परीक्षेला बसलेले कितीतरी डॉक्टर आमच्या ओळखीत आहेत. त्यांना हा किस्सा सांगितला की ते हसतात, पण ते हसू जरा कडवटच असतं.

१८११ मध्ये रेडफर्नने सारा विल्सशी लग्न केलं. ती पंधरा वर्षांची, तो पस्तिशीच्या आसपास. आज वाचताना खटकतंच. साराचे वडील एडवर्ड हे वाटमारीच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेले कैदी. त्यांच्यामागोमाग बायको आणि छोटी सारा त्याच ‘हिल्सबरो’ जहाजावर चढल्या होत्या. १७९९ मध्ये ते जहाज सिडनीला लागलं, तेव्हा सुमारे ३०० कैद्यांपैकी ९५ जण वाटेतच मेले होते. एडवर्ड वाचले आणि पुढे सिडनीचे मालदार व्यापारी झाले.

सासरची ही पार्श्वभूमी ठाऊक असली की रेडफर्नचं सर्वांत मोठं काम वेगळ्या नजरेने वाचलं जातं. १८१४ मध्ये कैद्यांची तीन जहाजं लागोपाठ आली. ‘जनरल ह्यूइट’वर ३४ कैदी मेलेले, ‘सरी’वर ३६ आणि ‘थ्री बीज’वर ९. वसाहतीचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी याने रेडफर्नला कारणं शोधायला सांगितलं. त्याचा अहवाल चक्क व्यवहारी आहे. कैद्यांना डेकवर मोकळी हवा मिळू द्या, अंथरुणं-कपडे कोरडे ठेवा, खाली धुरी द्या, रेशनमध्ये काटछाट करू नका. आणि मुख्य म्हणजे जहाजावर आरमाराचा अनुभवी डॉक्टर द्या, जो कप्तानाचा मिंधा नसेल. लंडनने हे ऐकलं. १८१५ पासून असे डॉक्टर नेमले जाऊ लागले आणि वाटेतले मृत्यू खूप घटले. जहाजाच्या तळात राहून आलेल्या माणसाला ‘हवा नाही’ म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

या मॅक्वारीचा आपल्या मुंबईशी संबंध आहे. तो १७८८ पासून काही वर्षं मुंबईत फौजेत होता. १७९३ मध्ये त्याचं पहिलं लग्न मुंबईतच झालं, आणि मकावला वारलेल्या त्या बायकोचं, जेनचं, दफनही त्याने मुंबईत आणून केलं. सिडनीत त्याने इस्पितळ बांधायला काढलं, पण तिजोरीत खडखडाट. मग तीन कंत्राटदारांना ४५,००० गॅलन दारू आयात करायचा मक्ता देऊन त्या बदल्यात इमारत बांधून घेतली. लोक तिला ‘रम हॉस्पिटल’ म्हणू लागले. १८१६ मध्ये सुरू झालेल्या या इस्पितळाचं रोजचं काम रेडफर्न बघायचा. स्वयंपाकघर नाही, शवागार नाही. रोगी वॉर्डातच शिजवून खायचे. दोन मजली लांब व्हरांडे मात्र ऐटदार. मला ते बघून आपल्याकडच्या जुन्या छावणीतले बंगले आठवतात.

मॅक्वारीच्या मुलाच्या जन्माच्या वेळी रेडफर्नच हजर होता. बाळंतपणात त्याचा हात धरणारा सिडनीत दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे बड्या घरांतून त्यालाच बोलावणं यायचं. बँक ऑफ न्यू साउथ वेल्सच्या, म्हणजे आजच्या वेस्टपॅकच्या, पहिल्या संचालकांतही तो होता. त्याने एका मुलाचं नाव विल्यम लॅकलन मॅक्वारी ठेवलं आणि दुसऱ्याचं जोसेफ फोवो. जोसेफ फोवो म्हणजे १८०८ मध्ये त्याला नोकरी देणारा अधिकारी. उपकार करणाऱ्यांची नावं घरातच ठेवून घेतली म्हणायची.

एवढं करूनही मुख्य सर्जनचं पद रिकामं झालं, तेव्हा लंडनने दुसराच माणूस पाठवला. मॅक्वारीने भरपाई म्हणून १८१९ मध्ये त्याला मॅजिस्ट्रेट केलं, पण लंडनहून वसाहतीच्या चौकशीला आलेले बिग साहेब भडकले: शिक्षा भोगलेला माणूस न्याय देणार? ती नेमणूकही रद्द झाली. बाळंतपणाला चालणारा हात न्यायाच्या खुर्चीवर चालेना. माफी मिळालेल्या कैद्यांच्या मालमत्तेच्या हक्कांवरच कोर्टात प्रश्न उभा राहिला, तेव्हा १८२१ मध्ये रेडफर्न त्यांचा अर्ज घेऊन थेट लंडनला गेला. परतताना मदेरा बेटावरून द्राक्षवेली आणि त्या लावणारी माणसं घेऊन आला.

त्याची शेतीवाडी आजच्या मिंटो भागात होती. हे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या गव्हर्नर जनरल मिंटोंचंच (मोर्ले-मिंटोवाले नव्हे, त्यांच्या आधीचे). जमीन अर्थात इथल्या धारावल आदिवासींची. १८१६ मध्ये तिथून जवळच, अ‍ॅपिनला, मॅक्वारीच्याच हुकमाने निघालेल्या सैनिकांनी किमान १४ आदिवासींना मारलं. गव्हर्नरच्या उदारपणाचं मी कौतुक वाचतो तेव्हा ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

मुलाच्या शिक्षणासाठी रेडफर्न १८२८ मध्ये एडिंबरोला गेला आणि १८३३ मध्ये तिथेच वारला. साराने पुढे दुसरं लग्न केलं. तिचा धाकटा भाऊ होरेशियो १८६१ मध्ये क्वीन्सलँडमध्ये आदिवासींच्या हल्ल्यात मारला गेला. त्या दिवशी १९ गोरे मेले, आणि सूडापोटी त्याच्या कितीतरी पट आदिवासी मारले गेले. होरेशियोचा मुलगा टॉम बाहेर गेला होता म्हणून वाचला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे पहिले नियम १८५९ मध्ये लिहिणाऱ्यांपैकी हा एक. वडिलांच्या खुनानंतर पाचच वर्षांनी त्याने आदिवासी क्रिकेटपटूंचा संघ तयार केला आणि मेलबर्नच्या मैदानावर त्याचा कप्तान म्हणून उतरला. त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा मला अजून अंदाज लागत नाही.

डॉक्टरला १८१७ मध्ये शहराच्या दक्षिणेला मिळालेली १०० एकर जमीन म्हणजे आजचं रेडफर्न. तिथे १९७१ मध्ये आदिवासींनी स्वतः चालवलेला देशातला पहिला दवाखाना निघाला आणि तो आजही चालू आहे. सिडनीला आलात तर आधी मॅक्वारी स्ट्रीटवर या. रम हॉस्पिटलचा मधला भाग पाडून तिथे नवं इस्पितळ उभं राहिलं, दक्षिणेकडच्या भागात टांकसाळ आली आणि उत्तरेकडच्या भागात न्यू साउथ वेल्सची विधानसभा भरते. दारूच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या इमारतीत आमदार बसतात, यावर इथले लोक वर्षानुवर्षं तेच विनोद करताहेत.