आ कोरुन्याचा जुना दिवा

रत्नागिरीत उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं गच्चीवर झोपायचो, तेव्हा झोप लागेपर्यंतचा माझा उद्योग म्हणजे भगवती किल्ल्याकडच्या दीपगृहाचा झोत मोजत पडणं. दीपगृह म्हटलं की मी तेव्हापासून पाघळते. त्यामुळे स्पेनला जायचं ठरलं तेव्हा यादीत पहिलं नाव लिहिलं ते वायव्य टोकावरच्या गालिसियातल्या आ कोरुन्याचं. आजही चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं रोमन दीपगृह तिथे आहे. हर्क्युलिसचा मनोरा म्हणतात त्याला. गेरिऑन नावाच्या राक्षसाला मारून हर्क्युलिसनं त्याचं मुंडकं इथे पुरलं, अशी कथा आहे. शहराच्या मानचिन्हावर मनोऱ्याखाली कवटी दिसते, ती त्याचीच.

शहर तिन्ही बाजूंनी समुद्रात घुसलेलं. बंदरासमोरच्या घरांना पांढऱ्या चौकटींच्या काचेच्या बंद गॅलऱ्या. तिथून किनाऱ्याच्या रस्त्यानं चालत गेले आणि टेकडीवर मनोरा दिसला. खरं सांगते, क्षणभर हिरमुसले. 55 मीटर उंच, चौकोनी, काटकोनात तासलेला, नीटनेटका. एकोणीसशे वर्षांच्या खुणा कुठेच दिसेनात.

मग लक्ष गेलं भिंतींवरच्या तिरक्या पट्ट्याकडे. एका बाजूनं वर चढत, कोपऱ्यावर वळून पुढच्या बाजूला जाणारा. त्या पट्ट्यात सगळी गोष्ट आहे. रोमन लोकांनी पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला हा मनोरा उभारला, तेव्हा वर जायची वाट बाहेरून होती, मनोऱ्याला गुंडाळत जाणारी. पुढे मध्ययुगात दिवा विझला, बाहेरची वाट ढासळली, तिचे दगड लोकांनी गावात बांधकामाला नेले. उरला तो आतला गाभा. 1788 साली एवस्ताकिओ जान्नीनी या नौदलातल्या अभियंत्यानं डागडुजी हाती घेतली आणि त्या गाभ्यावर नवा दगडी अंगरखा चढवला. तसं करताना हरवलेल्या वाटेची आठवण म्हणून त्यानं हा पट्टा कोरून ठेवला. त्याला तसं करायची काहीच गरज नव्हती! म्हणूनच मला त्या माणसाबद्दल इतकं प्रेम वाटतं.

आत शिरल्यावर रोमन मनोरा थेट अंगावर येतो. खाली उत्खननात उघडा पडलेला पाया, त्यावर जाडजूड भिंती, कमानदार छताच्या खोल्या. एकूण उंचीपैकी सुमारे 34 मीटर बांधकाम रोमन आहे, वरचं जान्नीनीचं. दोनशेहून जास्त पायऱ्या चढताना मी मध्येच थांबून भिंतीला तळवा लावला. गार आणि खरबरीत. वरच्या सज्जात वारा असा, की ओढणी कमरेला बांधावी लागली. समोर नुसता अटलांटिक.

मला सगळ्यांत जास्त जपून ठेवावीशी वाटली ती पायथ्याची एक गोष्ट. तिथे छोट्या दगडी खोलीत एक लेख राखला आहे. खडकावर कोरलेला. गायस सेविअस लुपस या वास्तुविशारदानं युद्धदेव मार्सला वाहिलेला. तो लुसितानियातल्या एमिनिअमचा, म्हणजे आजच्या पोर्तुगालमधल्या कोइंब्राचा. नवस बोलला होता, तो फेडला, एवढंच. बांधकाम सुखरूप पार पडू दे म्हणून बोललेला असेल का? कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आणि गावं कोरलेली आहेत, त्यांत यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. ती साधारण याच शतकांतली. तिथे आजोबांनी मला एकेक नाव बोट ठेवून दाखवलं होतं. लुपसचं नाव वाचताना ते बोट आठवलं.

दिवा असून सगळं टळतंच असं नाही. 3 डिसेंबर 1992 च्या पहाटे वादळात ‘एजियन सी’ हे तेलवाहू जहाज याच मनोऱ्याजवळच्या खडकांवर आदळलं, फुटलं आणि पेटलं. धुरानं शहर काळवंडलं, किनाऱ्यावर तेल पसरलं. कालवं आणि खेकड्यांवर जगणाऱ्या घरांचं काय झालं असेल, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

संध्याकाळी लाकडी ताटलीत उकडलेलं ऑक्टोपस खाल्लं; वर तिखट पाप्रिका, जाडं मीठ आणि ऑलिव्ह तेल. झकास. मग पुन्हा टेकडीवर येऊन गवतात बसले. जूनमध्ये इथे रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य बुडतो. माझ्यासारखेच काहीजण स्वेटर गुंडाळून बसलेले. आधी काहीच नाही. आकाश जांभळं झालं आणि वर एकदम प्रकाश फिरला. एक, दोन, तीन, चार. मग अंधार. वीस सेकंदांचं एक आवर्तन. पुन्हा एक, दोन, तीन, चार.

किती आवर्तनं झाली, मोजायची राहून गेली.