हे गाणे नेमके कोणाचे? तुम्ही विचारलंत म्हणून

माझी गाणी ऐकलेले लोक मला निरनिराळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारतात. शब्द मराठी, गिटार स्पेनमधल्या फ्लामेंको संगीताची, घंटेचा ठेका पश्चिम आफ्रिकेतला, ऊद हे तंतुवाद्य अरबी, आणि ही वाद्ये वाजवणारी माणसे वेगवेगळ्या देशांत राहणारी; त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही. मग हे गाणे नेमके कोणाचे म्हणायचे? काही जण हे कुतूहलाने विचारतात, तर काहींच्या विचारण्यात एक शंका दडलेली असते, की अशा मिश्रणात प्रत्येक परंपरेचा वरचा रंग तेवढा उरतो आणि गाभा कोणाचाच राहत नाही. ही शंका मला रास्त वाटते, कारण तसे झालेली गाणी मीही पुष्कळ ऐकली आहेत. म्हणूनच एका वाक्यात उत्तर देणे मी टाळते, आणि गाणे घडते कसे ते सांगते.

आम्ही सगळे एकाच वेळी इंटरनेटवर जमतो आणि एकत्र वाजवतो, अशी अनेकांची समजूत असते. दूरच्या देशांमध्ये हे जमत नाही, आणि त्याचे कारण यंत्रांच्या दर्जापेक्षा अंतरात आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २,००,००० किलोमीटर जातो. म्हणजे १०,००० किलोमीटरवर बसलेल्या वादकापर्यंत माझा स्वर पोहोचायला, वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरला नाही तरी, ५० मिलिसेकंद लागतात, आणि त्याचा प्रतिसाद माझ्याकडे यायला आणखी तेवढेच. हवेतून एक मीटर जायला आवाजाला सुमारे ३ मिलिसेकंद पुरतात, हे लक्षात घेतले की साथीदार किती लांब बसल्यासारखा होतो ते कळेल. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पुढे विलंब गेला की दोन्ही वादक नकळत एकमेकांसाठी थांबू लागतात आणि लय उतरत जाते. म्हणून आम्ही एकामागून एक वाजवतो. प्रत्येक जण आपल्या जागी आपला भाग ध्वनिमुद्रित करतो आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल पाठवतो. ती फाइल गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून सुरू झालेली असावी, मध्ये वाद्य कितीही वेळ गप्प असले तरी, हा आमचा एक साधा पण कडक नियम आहे.

या पद्धतीत एक गोष्ट फार महत्त्वाची ठरते, आणि ती ऐकणाऱ्याला कधीच दिसत नाही: पहिल्यांदा कोण वाजवतो. जो पहिल्यांदा वाजवतो त्याची लय बाकी सर्वांना पाळावी लागते. सर्वसाधारण रिवाज असा की संगणकाची टिकटिक, जिला आम्ही क्लिक म्हणतो, सर्वांना समान दिली जाते, आणि नृत्याच्या गाण्यांना ती चालतेही. पण सोलेआसारख्या फ्लामेंको प्रकारात वाक्याच्या शेवटी लय किंचित विसावते आणि पुन्हा सावरते. क्लिकवर वाजवलेली सोलेआ बिनचूक असते आणि निर्जीवही. त्यामुळे आमच्या एका गाण्यात मी गिटारवादक स्त्रीला सर्वांत आधी, क्लिकशिवाय, फक्त हाताच्या टाळ्यांच्या आधारावर वाजवायला सांगितले. तिची लय नंतर संगणकात मात्रेमात्रेने आखून घेतली, आणि चाल मी रचली असूनही मी स्वतः त्या गिटारच्या लयीवर गायले. हे गाणे कोणाचे, या प्रश्नाचे पहिले उत्तर मला वाटते तिथेच द्यायला हवे: त्यातला काळ तिचा आहे.

याच गाण्यात ज्या सांध्यावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला, तो बारा मात्रांचा होता. सोलेआचे आवर्तन बारा ठोक्यांचे असते आणि आपला एकतालही बारा मात्रांचा. आकडा सारखा आहे म्हणून दोन्ही जुळतील असे वाटते. पण सोलेआ मोजताना आघात ३, ६, ८, १० आणि १२ या ठोक्यांवर येतात, तर एकतालात टाळी १, ५, ९ आणि ११ या मात्रांवर आणि खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडण्याची जागा, ३ व ७ यांवर. आम्ही सोलेआचा बारावा ठोका एकतालाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ठेवून पाहिला. मग तिचे आघात एकतालाच्या १, ४, ७, ९ आणि ११ या मात्रांवर पडले. म्हणजे पहिली, नववी आणि अकरावी मात्रा दोघांचीही झाली. पाचव्या मात्रेची टाळी आणि चौथ्या मात्रेचा आघात यांत मात्र एका मात्रेची ओढाताण राहिली, आणि जिथे आपण सातव्या मात्रेवर खाली दाखवून हात मोकळा सोडतो, नेमक्या तिथे गिटारचा जोरकस आघात आला. मला ही ओढाताण अतिशय आवडली आणि ती गुळगुळीत करू नये असा मी आग्रह धरला.

खरा पेच त्यापुढचा होता. आपल्याकडे सगळे समेकडे धावते, पहिल्या मात्रेवर येऊन टेकते. सोलेआचे वाक्य मात्र दहाव्या ठोक्यावर मिटते, म्हणजे आमच्या मांडणीत अकराव्या मात्रेवर. ती जिथे विसावते तिथे मी अजून समेच्या वाटेवर असते. दोघांपैकी एकीने आपली सवय सोडावी, असा सोपा मार्ग होता आणि बहुतेक मिश्र गाण्यांत तोच निवडला जातो, तोही सहसा पाहुण्या वादकाला वाकवून. आम्ही वेगळे केले: तिचे वाक्य जिथे मिटते, तिथूनच माझा मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा गाण्याचा तुकडा, उचलायचा. अकरा, बारा आणि सम. तिला आपला शेवट पूर्ण मिळाला, मला आपली सम मिळाली, आणि गाण्याची जी ओळख लोकांच्या लक्षात राहते ती या दोन मात्रांतून निघाली. ही कल्पना तिला सुचली की मला, हे आज आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही, कारण ती एका दीर्घ संभाषणात सुचली आणि त्या वेळी आम्ही दोघीही टाळी देत मोजत होतो.

घंटेची गोष्ट याच्या उलट आहे. घाना आणि टोगो या देशांतल्या एवे लोकांच्या संगीतात गँकोगुई नावाची लोखंडी दुहेरी घंटा असते, आणि तिचा एक प्रसिद्ध ठेका बारा सूक्ष्म मात्रांत सात आघातांचा आहे. त्या आघातांमधली अंतरे २, २, १, २, २, २, १ अशी येतात. (बिलावलाच्या, म्हणजे सर्व शुद्ध स्वरांच्या सप्तकातली अंतरेही, पूर्ण आणि अर्ध्या स्वरांत मोजली तर, अशीच आहेत, हे प्रथम लक्षात आले तेव्हा मी कितीतरी वेळ दुसरे काही करू शकले नाही.) मला हा ठेका सोलेआच्या आवर्तनावर ठेवायचा होता. आमच्या तालवादकाने कागदावर दोन्ही मांडून दाखवले: घंटा १, ३, ५, ६, ८, १० आणि १२ वर, गिटार १, ४, ७, ९ आणि ११ वर. समेचा अपवाद सोडला तर दोघांचा एकही आघात एकत्र येत नाही आणि दोन्ही मिळून दुसरी मात्रा सोडून सगळे आवर्तन भरून जाते. कागदावर ही रचना देखणी आहे. पण तो म्हणाला की हा ठेका ऐकणाऱ्याच्या पावलांना चार समान ठोके जाणवले पाहिजेत, आणि गिटारच्या आघातांत ते बुडून जातात. घंटा वाजेल तेव्हा गिटार गप्प असावी, नाहीतर घंटा नसावी. त्याचे म्हणणे आम्ही मान्य केले. गाण्याच्या मधल्या भागात गिटार थांबते आणि तिथेच घंटा ऐकू येते.

सहकाऱ्याला नकार देण्याचा अधिकार असणे, हे मला या सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. ज्याला केवळ ठरलेल्या मोबदल्यात दोन मिनिटांचा तुकडा वाजवून पाठवायचा असतो, तो सहसा नकार देत नाही. तुम्ही जे मागाल ते पाठवतो, आणि मग त्याचे वाद्य गाण्यात एखाद्या शोभेच्या वस्तूसारखे उभे राहते.

स्वरांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक नाजूक होतो. पियानोचा गांधार षड्जापासून ४०० सेंटवर (पियानोच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) पक्का बांधलेला असतो. तानपुऱ्यात आपसूक ऐकू येणारा गांधार ३८६ सेंटच्या आसपास असतो. आणि रास्त या अरबी मकामातला, म्हणजे रागासारख्या स्वररचनेतला, तिसरा स्वर ३५०च्या परिसरात, प्रदेशागणिक थोडा वर किंवा खाली, म्हणजे आपल्या कोमल आणि शुद्ध गांधाराच्या मध्ये कुठेतरी. उदाला पडदे नसल्याने वादकाला हवा तो स्वर काढता येतो, पण त्याच्या शेजारी पियानोची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर, वाजली की दोघांपैकी एक जण बेसूर वाटतो, आणि ऐकणाऱ्यांच्या कानांना पियानोची सवय अधिक असल्याने बेसूर ठरतो तो ऊदवादक. हे अन्यायाचे आहे. म्हणून ऊद असतो तिथे मी तिसऱ्या स्वराची कॉर्ड ठेवतच नाही; फक्त षड्ज आणि पंचम धरते आणि मधली जागा उदासाठी मोकळी सोडते.

मारव्यासारख्या रागात तर पंचमही वर्ज्य असतो, तेव्हा सा, ग आणि प यांची नेहमीची कॉर्ड वाजली की मारवा संपलाच. पण मारव्याच्याच स्वरांत धैवत, कोमल ऋषभ आणि गांधार मिळून एक पूर्ण मेजर कॉर्ड तयार होते, आणि तिच्यात रागाचे वादी आणि संवादी हे दोन्ही प्रमुख स्वर येतात. पाश्चात्त्य हार्मनी शिकलेल्या माझ्या सहकाऱ्याने ती दाखवली तेव्हा आम्हा दोघांनाही फार आनंद झाला. तिच्यात धोका एवढाच की ती जास्त वेळ वाजली तर ऐकणारा धैवतालाच षड्ज मानू लागतो. मारव्यात षड्ज तसाही लांबवून ठेवलेला असतो. तेव्हा ही कॉर्ड आम्ही षड्जावर परतण्याच्या अगोदर, थोड्याच काळापुरती वापरतो.

शब्द मी मराठीतच लिहिते आणि सहकाऱ्यांना त्यांचा अर्थ तर पाठवतेच, शिवाय ते नुसते बोलूनही पाठवते, कारण वादकाला अर्थाइतकीच ऱ्हस्व-दीर्घांची चाल उपयोगी पडते. ग्रंथांतल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड असतो. त्या आखूडपणामुळे पुढे जी जागा उरते तिथे वाद्याला बोलता येते. ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी गाण्याच्या बारा मापांतही गायकाची ओळ मध्येच संपते आणि उरलेल्या मापांत गिटार उत्तर देते. दोन्हींत रिकामी जागा रचनेचाच भाग आहे, त्यामुळे ब्लूज वाजवणाऱ्या माणसाला ओवी समजावून सांगताना मला फारसे कष्ट पडले नाहीत.

आता मालकीविषयी, कारण प्रश्नाचा तोही अर्थ असतो. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावरच्या अफुनाक्वा या स्त्रीने गायलेले एक अंगाईगीत ह्यूगो झेम्प या संगीत-अभ्यासकाने १९७० च्या सुमारास ध्वनिमुद्रित केले होते. १९९० च्या दशकात तिचा तो आवाज एका युरोपीय जोडीच्या नृत्यसंगीतात वापरला गेला आणि जगभर गाजला. परवानगीच्या प्रश्नावर झेम्प यांनी पुढे जाहीर आक्षेप घेतला. आणखी एका युरोपीय वादकाने तीच चाल मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांची समजून आपल्या अल्बमात घेतली. गाणाऱ्या स्त्रीचे नाव हरवले आणि तिचा देशही बदलला. मला ही हकिकत कोणत्याही कायद्याच्या कलमापेक्षा जास्त अस्वस्थ करते.

म्हणून मी पहिली फाइल पाठवण्याआधीच वाटणीचा कागद करते. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. बर्न या आंतरराष्ट्रीय कराराच्या १९०८ च्या दुरुस्तीपासून रचनेला संरक्षण मिळण्यासाठी नोंदणीची अट नाही, आणि वादक-गायकांचे हक्क १९६१ च्या रोम करारात स्वतंत्रपणे मांडले आहेत. पण कोणाचा वाटा किती, हे कोणताही करार ठरवून देत नाही. ते माणसांनी आपसांत लिहून ठेवायचे असते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणाऱ्या बारा अक्षर-अंकी आयएसआरसी या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाबरोबर कलाकारांची नावे बिनचूक गेली नाहीत, तर नंतर कोणी दुरुस्त करायला येत नाही, कारण स्वतंत्र कलाकाराच्या मागे कंपनीचे कार्यालय नसते. वादकाने ऐन वेळी सुचून वाजवलेली ओळ म्हणजे वादन की रचना, यावर मतभेद होतात. माझी कसोटी अशी आहे की ती ओळ काढून टाकल्यावर गाणे ओळखू येत नसेल, तर ती वाजवणारी व्यक्ती रचनाकार आहे आणि तिचा वाटा रचनेत लिहिला गेला पाहिजे. त्या बारा मात्रांच्या गाण्यात गिटारवादक स्त्री आणि मी समान रचनाकार आहोत. तालवादकाचे नाव मांडणीच्या श्रेयात आहे, कारण घंटा कुठे वाजू नये हे त्याने ठरवले.

आमच्या कागदात आणखी एक कलम असते: प्रत्येकाला आपण वाजवलेला भाग घेऊन स्वतःचे वेगळे गाणे करता येईल, बाकीच्यांची नावे देऊन. गिटारवादक स्त्रीने तो अकरा-बारा-समेचा सांधा घेऊन स्वतःच्या भाषेत एक गाणे रचले आहे. त्यात मराठीचा एक शब्दही नाही आणि मी गात नाही. त्या गाण्याबद्दल मला कोणी विचारले, तर मी त्यांना तिच्याकडे पाठवते.