काच धूसर होत होती म्हणून

उत्तरायण आटोपून दोन-तीन दिवस झाले होते. दांडिया बाजारातल्या काकांची ऑटोमॅटिक गाडी, डावीकडून पुढे जोरात ठोकलेली, आमच्या बडोद्यातल्या, मकरपुऱ्याच्या गॅरेजमधून तयार होऊन निघायची होती. बंपर, हेडलाइट, रेडिएटर, डावा एप्रन (बॉनेटखाली चाकाच्या बाजूचा पत्रा): विम्याच्या सर्व्हेअरच्या फोटोत आलं ते सगळं पास झालं. वायरिंग फोटोत दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे कोणी पास करत नाही. आणि ठोकलेल्या गाडीत नंतर छळतं ते वायरिंगच. मी इलेक्ट्रिकचं काम करतो, मला ते रोज दिसतं.

गाडी जोडल्यावर गिअरबॉक्सचा दिवा लागलेला होता. त्याचं नवल नाही. कपलर, म्हणजे वायरींचे जोड, सुटे असताना कोणीतरी चावी फिरवतंच आणि बिघाडाचे कोड साठतात. स्कॅनरवर दोन निघाले, पी०७०० आणि यू०१०१. पहिला म्हणतो, गिअरबॉक्सच्या कंप्युटरची काहीतरी तक्रार आहे. दुसरा म्हणतो, त्या कंप्युटरचा आवाज बाकीच्यांना ऐकू येत नाही. गिअरबॉक्स गेला असं दोघांपैकी एकही म्हणत नाही, पण स्कॅनर घेऊन फिरणारी पोरं तेवढंच वाचतात.

मी बॅटरी सोडून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर ओहम मोजले. गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन तारा तिथे येतात. ६० आले, म्हणजे तारांच्या दोन्ही टोकांचे १२०-१२० ओहमचे रेझिस्टर शाबूत. कपलर उघडून पिना पाहिल्या, ऑइल पाहिलं. अर्थिंगला, म्हणजे बॉडीला जोडलेल्या मायनसच्या वायरीला, मीटर लावला, शिट्टी वाजली, म्हणजे जोड आहे. कोड पुसले, तरसालीपर्यंत दोन ट्रायल घेतल्या, गाडी लोण्यासारखी गिअर बदलत होती. चावी काकांच्या हातात दिली.

चौथ्या दिवशी काका-काकू भरूचहून रात्री परत येत होते. करजणच्या अलीकडे हायवेवर दिवा लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरला अडकली. गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला असं करतो. सिग्नलवरून उठाव नाही, नुसतं इंजिन ओरडतं. बंद करून चालू केली की दहा मिनिटं बरी, मग परत तेच. मागे ट्रकची रांग, काकू मागच्या सीटवर. घरी पोचायला मध्यरात्र झाली.

सकाळी काका आधी गिअरबॉक्सच्या एका कारागिराकडे गेले. त्याने गाडीखाली न वाकता व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समध्ये ऑइलची वाट बदलणारा भाग) आणि कंप्युटर मिळून सव्वा लाखाचा आकडा सांगितला. काका पैसे भरायला तयार होते. जाता जाता मला सांगायला आले, रागावलेही नाहीत. ते मला जास्त लागलं.

मी विचारलं, "काका, त्या वेळी गाडीत काय काय चालू होतं?"

त्यांना आठवेना. काकू म्हणाल्या, "अरे, काच धूसर होत होती, म्हणून मीच एसी लावायला सांगितला."

थंडीचे दिवस. माझ्या दोन्ही ट्रायल दिवसा, एसी बंद, हेडलाइट बंद. एसी लागला की रेडिएटरचा पंखा फिरतो. पंखा, डावा हेडलाइट आणि गिअरबॉक्सचा कंप्युटर, तिघांची अर्थ डाव्या एप्रनवर एकाच बोल्टला.

गाडी तिथेच उभी करून हेडलाइट आणि एसी लावला. मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी कंप्युटरच्या अर्थच्या पिनेला. तिथे ०.१ व्होल्टच्या आत यायला हवं. आलं १.८. आणि पंखा सुरू होण्याच्या क्षणी मीटरने ४.१ पकडलं. माझ्यासमोर दिवा लागला.

बोल्ट खोलला. नव्या एप्रनवर प्रायमर, वर कलर, वर लॅकर, आणि त्यावर अर्थची रिंग आवळलेली. धातूला धातू फक्त बोल्टच्या आट्यांमधून लागत होता, तेवढ्यात एक दशांश ओहम अडत होता. माझ्या मीटरची शिट्टी तीसेक ओहमच्या आत काहीही असलं तरी वाजते. एक दशांश तिला कळणारच नाही. पण ४० अँपिअर ओढले की तेवढ्यात ४ व्होल्ट खातात, त्या कंप्युटरची जमीनच वर उचलली जाते आणि तो काय बोलतो ते बाकीच्यांना समजत नाही. यू०१०१ हेच सांगत होता.

पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. परत मोजलं, ०.०४ व्होल्ट. रात्री मी स्वतः सगळं चालू ठेवून करजणपर्यंत जाऊन आलो.

पेंटरशी बोललो. त्याचा हात सोन्याचा आहे, शेड जुळवण्यात त्याला बडोद्यात तोड नाही. तो म्हणाला, "भाऊ, जागा उघडी सोडली तर गंज धरतो, शिव्या मलाच पडतात." त्याचं खोटं नाही. जागेवर टेप लावायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम. आणि शिट्टीवर विश्वास ठेवून गाडी सोडली तीही मीच.

त्याच महिन्यात तसाच डावा एप्रन बदललेल्या आणखी दोन गाड्या आमच्याकडून गेल्यात. एकीला बोलावून मोजलं, ०.०६, ठीक आहे. दुसरी सुरतेला गेली आहे. तीन दिवस फोन करतोय, उचलत नाहीत.