तात्यांच्या मुठीतली वाळू

आमची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत. पंपांची केसिंग, इंपेलर, असं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम. वडील पलूस भागात मोल्डिंग, म्हणजे वाळूचे साचे भरणं शिकले. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हापासून तिकडच्या शेतकऱ्यांच्या घराघरांत मोल्डर आणि फिटर तयार होत आले. वडिलांनी शेड टाकली, भट्टी घेतली, कर्ज फेडलं. त्यावर मी फार लिहीत नाही, कारण मला स्वतःला धंदा कळायला लागला तो 2019 च्या पुरानंतर.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. कुपवाड उंचावर, त्यामुळे शेड कोरडी राहिली. पण साच्यांची वाळू तयार करणारे आमचे तात्या भिलवडीकडचे, त्यांचं घरच पाण्यात. ते नसताना पोरांनी वहीत लिहिल्याप्रमाणे वाळू, बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी चिकण माती), कोळशाची भुकटी आणि पाणी घातलं. माल मशीनिंगला गेला आणि एकामागून एक ब्लोहोल, म्हणजे वाफेनं बिडात पडलेली पोकळ भोकं, उघडे पडू लागले. पावसाळी हवेत वाळू आधीच ओल धरून बसलेली, त्यावर आम्ही वहीतलं पाणी ओतत होतो. साच्यात बिडाचा तापलेला रस ओतला की वाफ होणार, आणि तिला बाहेर पडायला वाट नाही.

घरात गुडघाभर चिखल असताना तात्या कामावर आले. मूठभर वाळू आवळली आणि मूठ उघडली. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते. गोळा मधोमध मोडून कडा पाहिल्या, मग तळहात पाहिला. वाळू चिकटलेली. "दादा, पाणी लई झालंय."

मग मी घाई केली. मोबाइल समोर धरून म्हटलं, "तात्या, सगळं सांगा, रेकॉर्ड करतो." ते म्हणाले, "काय सांगू? हाताला कळतं." मला राग आला. पुढं एकदा चहा पिताना त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. आधीच्या कारखान्यात दोन पोरं त्यांनी तयार केली. पोरांना काम जमायला लागलं तसं यांना घरी बसवलं. "शिकवलं आन मोकळा झालो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. या माणसानं मला का म्हणून सांगावं? दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं: हात चालतील तोवर नोकरी, शिकवण्याच्या तासाचे वेगळे पैसे. माझ्या मते याआधी केलेलं बाकी सगळं वाया गेलं होतं.

आता सकाळच्या पहिल्या घाण्याची वाळू आधी पोरं आवळतात आणि ओली, कोरडी की बरोबर ते मोठ्यानं बोलतात. मग तात्या आवळतात. ओलावा मोजायचं यंत्र सगळ्यात शेवटी. एकदा यंत्रानं 3.5 टक्के दाखवलं, पोरंही "बरोबर" म्हणाली. तात्यांनी मान हलवली. "वाळू मेलीय." गोळा मोडला तर कड धरत नव्हती, नुसती भुसभुशीत. रसाच्या धगीनं बेंटोनाइट जळतं, त्याची पकड जाते. ओलाव्याच्या यंत्राला ते दिसत नाही. नवी माती घातली. त्या दिवसापासून पोरं तळहाताबरोबर मोडलेली कडही बघायला लागली.

कोअर शॉपमधल्या मावशींचंही तसंच. कोअर म्हणजे मालात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा. तेलात मळलेल्या वाळूचा कोअर भाजला की नाही हे त्या रंगावरून सांगतात, "भाकरीसारखा खरपूस दिसला पायजे." भट्टीवर घड्याळ आहे, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नाही. आता दोघी नव्या बाया त्यांच्या शेजारी उभ्या असतात.

शनिवारी फेल गेलेला माल कापून टेबलावर ठेवतो. ज्यानं साचा भरला तो आधी बोलतो. कुणाचा पगार कापायचा नाही, कुणाला ओरडायचं नाही. यात सगळ्यात जास्त सवय मलाच लावून घ्यावी लागली.

ऐन पावसाळ्यात वाळू सोडून जायचं कसं, म्हणून तात्या इतकी वर्षं आषाढी वारीला कधी गेले नव्हते. यंदा पायी गेले. ते वाटेवर असताना इथं पाऊस लागला. थोरल्या पोरानं वाळू आवळली, तळहात पाहिला आणि यंत्राकडं जायच्या आधीच पाण्याची कळ कमी केली. मी तात्यांना फोन केला नाही.