एक प्लेट, एकच छाप, अनेक रंग: व्हिस्कॉसिटी एचिंग

एचिंग म्हणजे धातूची प्लेट अ‍ॅसिडने कोरून तिच्यावरून कागदावर छापा काढणं. रंगीत एचिंगची जुनी रीत म्हणजे रंगागणिक वेगळी प्लेट आणि दरवेळी छाप तंतोतंत जुळवायची कसरत. पॅरिसमध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘आतलिये १७’ या छापचित्रांच्या कार्यशाळेत कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले कैको मोती यांनी ही कसरतच संपवली. एकाच प्लेटवर सगळे रंग चढवायचे आणि प्रेसमधून एकदाच काढायचे. शायांच्या घट्टपणातल्या (व्हिस्कॉसिटीतल्या) फरकामुळे ते वेगळे राहतात, म्हणून हे नाव.

या चित्रांच्या रंगांचं कौतुक होतं, पण खरं काम त्याआधी धातूत झालेलं असतं. रंग कुठे बसणार हे प्लेटची खोली ठरवते. रेड्डी मूळचे शिल्पकार. ते प्लेट अक्षरशः कोरायचे. त्यांच्या ‘व्हर्लपूल’मधला (१९६३) भोवरा त्या उंचसखलपणातूनच उभा राहतो.

प्लेट दीड-दोन मिलिमीटर जाडीची, जस्ताची घ्यावी. पातळ प्लेटला अ‍ॅसिडचा खोल चावा सोसत नाही. किमान तीन पातळ्या हव्यात: मूळ पृष्ठभाग, मधली आणि तळ. नायट्रिक अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही, आणि कामाची जागा हवेशीर हवी. चाव्याच्या वेळी उठणारे बुडबुडे पिसाने हलवत राहा, नाहीतर तिथे चावा असमान होतो. शेवटी कडा कानशीने उतरत्या करायच्या. धारदार राहिल्या तर कागदही फाटतो आणि प्रेसची ब्लँकेटंही.

आधी घट्ट शाई रेषांत आणि खाचांत भरून जाळीच्या कापडाने पुसून घ्यायची. पृष्ठभाग अगदी स्वच्छ हवा, कारण उरलेली शाई पुढच्या दोन्ही रोलरांना लागते. मग कडक रोलरने, हलक्या हाताने, जवसाच्या तेलाने सैल केलेला रंग. तो फक्त उंच भागावर बसतो. त्यानंतर मऊ रोलरने घट्ट रंग. मऊ रबर दबून खालच्या पातळीपर्यंत पोचतं, आणि उंच भागावरची तेलकट शाई या घट्ट शाईला चिकटू देत नाही. क्रम उलटला, म्हणजे घट्टवर सैल शाई फिरवली, तर ती खुशाल चिकटते आणि रंग एकमेकांत मिसळतात.

बहुतेक छापे इथेच बिघडतात. दोन शायांच्या घट्टपणात पुरेसा फरक नसेल तर सगळं चिखलासारखं दिसतं. म्हणून आधी काचेवर सैल रंगाचा पट्टा ओढून त्यावर घट्ट रंगाचा रोलर आडवा फिरवून बघा. पट्टा जसाच्या तसा राहिला पाहिजे. मे महिन्याच्या उकाड्यात घट्ट शाईही ढिली पडते. तेव्हा तिच्यात थोडं मॅग्नेशियम कार्बोनेट घालतात. उलट तेल जास्त झालं तर प्रेसच्या दाबाखाली रंग कडेने बाहेर येतो.

रोलरच्या आकारात काटकसर करू नका. प्लेट एका फेरीत झाकली गेली पाहिजे. ३० सेंटिमीटर लांब प्लेटला साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा रोलर लागतो. लहान असला तर फेरी संपते तिथे सांध्याची रेघ उमटते. शिवाय फिरवून झालेल्या रोलरवर प्लेटची छाया राहते. तो पुसल्याशिवाय पुढच्या प्लेटवर नेला तर भुताटकीसारखी दुसरी आकृती दिसते.

आवृत्तीत, म्हणजे एकाच प्लेटवरून काढलेल्या ठरावीक प्रतींत, अवघड भाग हाच: प्रत्येक प्रतीसाठी शाई भरणं, पुसणं, दोन्ही रोलर हे सारं नव्याने. शाई आणि तेल वजन करून मिसळा, प्रमाण लिहून ठेवा आणि मंजूर झालेला छापा समोर टांगून प्रत्येक प्रत त्याच्याशी ताडून बघा. तरीही थोडा फरक राहतोच, आणि या पद्धतीत तो मी दोष मानत नाही. ५० च्या आवृत्तीतली ७/५० ही प्रत सातवीच छापली गेली असेल असंही नाही. सुकल्यावर, निवडून मग पेन्सिलने आकडे घातले जातात.

विकत घेताना कागद तिरक्या उजेडात धरा. प्लेटच्या कडेचा दाबलेला चौकोन आणि खोल भागांचा उठाव स्पष्ट दिसला पाहिजे. दहापट भिंगाखाली नियमित रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली, तर ते ऑफसेटवर छापलेलं पुनर्मुद्रण आहे, खाली सही असो वा नसो.